आधी नोंद, मग सही

भोसरी, चाकण, तळवडे, चिखली, रांजणगाव. तिकडे वाळूज, सातपूर, बुटीबोरी. या पट्ट्यांत जे कोणी राहतात, कामगारांना खोल्या देतात, मेस चालवतात, दवाखाना चालवतात किंवा शेडमध्ये सुपरवायझर आहेत, त्या सर्वांना ही कळकळीची विनंती. तुमच्या ओळखीतल्या कुणाचा हात मशीनमध्ये गेला, तर पहिले दोन दिवस त्याच्यासोबत राहा. पैशाची मदत जमली तर उत्तमच, पण त्याहून निकडीचं काम वेगळं आहे. अपघात कुठे, किती वाजता, कोणत्या मशीनवर आणि कोणाच्या कामावर असताना झाला, हे त्याच दिवशी कागदावर आलं पाहिजे. ज्याचा उजवा हात बँडेजमध्ये आहे, जो इंजेक्शनच्या गुंगीत आहे आणि ज्याचे आईवडील लातूर, नांदेड किंवा गोरखपूरला आहेत, त्याला हे एकट्याने जमत नाही. आणि हे काम तेव्हा राहिलं, तर पुढची काही वर्षं हेलपाट्यांत जातात.

कारखान्यात स्फोट झाला, आग लागली की बातमी होते. तळवड्याची ८ डिसेंबर २०२३ची आग, डोंबिवलीचा २३ मे २०२४चा स्फोट अजून लोकांच्या लक्षात आहे. बोटं तुटल्याची बातमी होत नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांशी बोलून ते तयार होतात, आणि त्यांत पॉवर प्रेस हे बोटं जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येतं. आपण ज्या गाड्या चालवतो त्यांचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, क्लिपा या प्रेसवर निघतात. बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीत नव्हे, तर तिच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे, पत्र्याच्या शेडमध्ये.

ज्यांनी प्रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाली डाय, वर रॅम. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पॅडल दाबायचं. रॅम धाडकन खाली येतो, जॉब तयार. तो काढायचा, दुसरा ठेवायचा. एका पाळीत हे हजारो वेळा. बारा तासांच्या पाळीत दहाव्या तासाला हातापायांचा मेळ चुकतो, आणि चुकायला एकच वेळ पुरते. जुन्या मशीनला तर एकदा पॅडल दाबल्यावर दोनदा खाली येण्याची खोड असते. अशी मशीन 'डबल मारते' हे पाळीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं, सेटरला आणि मालकालाही.

यावरचे उपाय काही नवे नाहीत. पॅडल काढून दोन बटणं बसवायची. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. डायसमोर सेन्सर बसवला तर हात आडवा येताच मशीन थांबते. मात्र जुन्या की-क्लचच्या प्रेसचा स्ट्रोक अर्ध्यात थांबत नाही, तिथे सेन्सर नुसता शोभेला. तिथे पक्का गार्डच हवा. ऑडिटच्या दिवशी असा शोभेचा सेन्सर बघून समाधान मानणारे लोकही आहेत. बटणं असलेल्या एका शेडमध्ये त्यांतलं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं मी पाहिलं. एक हात मोकळा राहिला की तासाला नग जास्त निघतात. पट्टी कामगाराने लावली, असं तिथे सांगण्यात आलं. नग मोजायला मात्र कामगार बसत नव्हता.

आता अपघात झाल्यावरचं. सोबत जे असतील त्यांनी आधी मुख्य वीज बंद करावी. तुटलेलं बोट सापडलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधावं आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, पाण्यात बुडवू नये. प्रेसखाली चेंगरलेलं बोट पुष्कळदा जोडता येत नाही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. पिशवी रुग्णासोबतच गेली पाहिजे.

यानंतर बहुतेक ठिकाणी जे घडतं, ते इतकं ठरलेलं आहे की मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची पद्धत फिरत असावी असं वाटतं. पोराला मालकाच्या गाडीतून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतात. सोबतचा माणूस काउंटरवर सांगतो की घरी पडला, नाहीतर गाडीच्या चेनमध्ये हात अडकला. मागे एकाचं डिस्चार्ज कार्ड बघायला मिळालं. उजव्या हाताची तीन बोटं मुळापासून गेलेली, आणि वर कारण लिहिलेलं : घरात पडून इजा. घरात पडून तीन बोटं एका रेषेत तुटतात, यावर डॉक्टरांचाही विश्वास बसला नसणार. पण तो कागद तयार झाला आणि पुढे प्रत्येक टेबलावर त्या मुलाच्या आधी पोचला.

त्याच रात्री कंपनीत दुसरी धावपळ चालते. सहा महिने कामावर असलेल्या मुलाचं ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव नसेल तर ते घाईघाईने घातलं जातं, आणि नोकरीची तारीख पडते आजची नाहीतर कालची. डाय धुऊन निघतो. गार्ड नसलेल्या मशीनला सकाळपर्यंत गार्ड लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेकेदार सफरचंदं घेऊन वॉर्डात येतो, पाकिटात वीस-पंचवीस हजार असतात. "कोर्टकचेरीत काय मिळणार? शेठ म्हणालेत, बरा झाला की गेटवर बसवू." सोबत स्टॅम्पपेपर. उजवा हात बँडेजमध्ये असल्यामुळे डाव्या हाताचा अंगठा घेतात.

विनंती इतकीच, की तो अंगठा लागण्याआधी तुम्ही तिथे असा.

हातात काय असायला हवं? दवाखान्याच्या पहिल्याच केसपेपरवर 'कंपनीत प्रेस मशीनवर काम करताना' हे शब्द. डॉक्टरांनी पोलिसांना कळवून केलेली एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद. मशीनचा, डायचा, गार्ड नसल्याचा मोबाइलवरचा फोटो, शक्यतो त्याच पाळीतल्या कुणी काढलेला, कारण दुसऱ्या दिवशी ती मशीन ओळखू येत नाही. हजेरीचा कसलाही पुरावा : पंचिंग, गेटपास, पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेज, सुपरवायझरने 'उद्या लवकर ये' म्हणून पाठवलेला व्हॉट्सॲप. हे मेसेज पुढे सोन्यासारखे उपयोगी पडतात, म्हणून जखमी माणसाचा फोन जपा. गोंधळात तो आधी हरवतो. दोन सोबत्यांची नावं, गावचा पत्ता आणि गावचा नंबर लिहून घ्या. शेडमधली माणसं महिन्याभरात पांगतात.

कायदा काय म्हणतो ते आता सांगतो. थोडं आकड्यांचं आहे, पण हे आकडे माहीत नसल्यामुळेच पंचवीस हजारांत सौदा होतो.

दोन वाटा आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर माणूस ईएसआयमध्ये येतो. कामावरच्या अपघाताला तिथे 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. उपचार ईएसआयचे. काम करता येत नाही तोवर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात, तेही हयातभर. महिना १५,००० पगार असेल आणि ३० टक्के नुकसान ठरलं, तर महिन्याला साधारण चार हजार होतात. मंडळाने टक्के कमी दिले असं वाटलं तर अपील करता येतं, आणि ते मुदतीत करावं लागतं. निकालाचं पत्र गावच्या पत्त्यावर जाऊन पडून राहतं, म्हणून चालू पत्ता द्या. मालकाने वर्गणी भरलीच नव्हती, हे कामगाराला हाकलण्याचं कारण होऊ शकत नाही. त्या मालकाकडून वसुली करणं हे ईएसआय महामंडळाचं काम. चिंचवडला मोहननगरमध्ये आणि पुण्यात बिबवेवाडीत ईएसआयची रुग्णालयं आहेत. खासगीत प्राथमिक उपचार झाल्यावर तिथे जाऊन नोंद करायला उशीर करू नका.

ईएसआय लागू नसेल तर दुसरी वाट, मालकाकडून एकरकमी भरपाईची. १९२३पासून चालत आलेला हा हक्क आहे. इथे वय, पगार आणि इजा यांवरून हिशेब होतो. २०२०पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी कोष्टकातला गुणक २१६.९१. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० गुणिले २१६.९१ : १९,५२,१९० रुपये. बोटांसाठी त्याचे ठरलेले हिस्से आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. म्हणजे या मुलाचा अंगठा गेला असेल तर त्याचे ५,८५,६५७ रुपये होतात. उपचाराचा खर्च त्याशिवाय. आता पाकिटातले वीस-पंचवीस हजार याच्या शेजारी ठेवून बघा.

महिन्याभरात भरपाई दिली नाही तर मालकाला १२ टक्के व्याज लागू शकतं, आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही. दोन्ही वाटांनी एकाच इजेचे पैसे मात्र मिळत नाहीत. ईएसआयमध्ये असलेल्याला भरपाईचा दावा करता येत नाही. काही एजंट दोन्हीकडचे पैसे मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतात. त्यांच्या नादी लागू नका.

पगाराबद्दल एक गोष्ट आधीपासूनच सांभाळायची असते. हातात अठरा हजार मिळतात, पण स्लिपवर अकराच दाखवलेले असतात. बाकी रोख, नाहीतर 'भत्ता'. वर्गणी वाचली म्हणून कामगारही खूश असतो. अपघात झाला की सगळा हिशेब अकरा हजारांवर होतो. आपला ईएसआय नंबर आहे का आणि त्यावर किती पगार लागला आहे, हे आज धडधाकट असतानाच ईएसआयच्या १८००-११-२५२६ या नंबरवर विचारून घ्या. हा नंबर टोल फ्री आहे.

"चूक पोराची होती" हे मालकाचं आवडतं वाक्य. चुकून हात आत राहिला, झोप लागली, लक्ष नव्हतं, या कशानेही भरपाईचा हक्क जात नाही. दारू पिऊन काम केलं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा गार्ड जाणूनबुजून काढला, असं सिद्ध झालं तरच मालक सुटू शकतो. आणि मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या सबबीही चालत नाहीत. "तो आमचा नाही, ठेकेदाराचा" हेही पुरेसं उत्तर नाही. कंपनीच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराने माणूस लावला असेल तर भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते. कंपनीने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. आणि स्टॅम्पपेपर? भरपाईचा हक्क सोडून देतो किंवा कमी घेतो असं कबूल करणारा करार कायद्यात टिकत नाही. ज्यांनी आधीच अंगठा दिला आहे, त्यांनीही मान खाली घालून बसू नये.

आता नव्या कायद्यांबद्दल, कारण सध्या यावरूनच सर्वांत जास्त फसवणूक होण्याची भीती आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३चा भरपाईचा कायदा, १९४८चा ईएसआय कायदा, कारखाने कायदा हे जुने कायदे त्यांत गेले. 'जुना कायदा रद्द झाला, आता काही मिळत नाही' असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. ईएसआय आणि भरपाई ही दोन्ही प्रकरणं सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. नेमणूकपत्र देणं आता मालकाला बंधनकारक आहे, ते मागा. दुसऱ्या बाजूला, विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली आहे. बारा-पंधरा माणसांच्या प्रेसशॉपवर याचा काय परिणाम होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मला हा बदल चुकीचा वाटतो. जिथे हात जातात त्याच शेड यातून निसटतात. पण भरपाईचा हक्क शेडमध्ये किती माणसं आहेत यावर ठरत नाही, एवढं तरी लक्षात असू द्या.

हे फक्त एमआयडीसीपुरतंही नाही. शेतावर मळणीयंत्रात हात गेलेला मजूर भरपाईच्या यादीत बसतो, कारण यांत्रिक शक्तीवर चालणारं शेतीकाम त्या यादीत आहे. कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचंही तसंच. धाराशिव भागातला एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३मध्ये पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवरून जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये ती परत दिली. कामाशी वेळेचा, जागेचा संबंध असेल तर वाटेतला अपघातही कामावरचाच, हे त्या निकालाने पक्कं झालं. यात बावीस वर्षं गेली. त्याच्या पाळीची वेळ कागदावर होती, म्हणून निदान वाद शेवटपर्यंत टिकला.

डॉक्टरांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्याकडे कंपनीची गाडी येते, कॅशलेसचं नातं असतं, बिलं वेळेवर मिळतात, हे सगळं समजू शकतं. पण इजा कशी झाली, हे रुग्णाला विचारा, सोबतच्या माणसाला नको. तो शुद्धीवर नसेल तर तसं लिहा आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारा. डिस्चार्जच्या वेळी कोणतं बोट कोणत्या पेरापासून गेलं हे नीट लिहा. एका पेराचा फरक पडला तर टक्के बदलतात आणि टक्क्यांवर त्याचं उरलेलं आयुष्य चालतं.

छोट्या मालकांची अडचणही खोटी नाही. वरची कंपनी दर वर्षी नगाचा दर खाली आणते आणि तेवढ्यात सेन्सर, गार्ड, ईएसआय सगळं बसवायला सांगते. पण ती भांडणं वर जाऊन करा. तोवर निदान डबल मारणारी मशीन बंद ठेवा, पॅडलच्या जागी बटणं बसवा आणि ईएसआय लागू नसेल तर भरपाईची विमा पॉलिसी काढा. अपघात लपवू नका; औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं तुमची जबाबदारी आहे. आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात काम करणारे आपलेच मित्र, भाऊ, मेहुणे आहेत. पुरवठादाराकडे व्हिजिटला जाल तेव्हा जॉबचं माप घेऊन झालं की प्रेसवरच्या माणसाच्या हाताकडेही बघा.

नोकरीचं मात्र खोटं आश्वासन मी देणार नाही. अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढू नये, ही २०१६च्या अपंग हक्क कायद्यातली हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. खासगी शेडमध्ये 'गेटवर बसवू' हे तोंडी आश्वासन दोन-तीन महिने टिकतं. म्हणून ते लेखी घ्या, आणि त्याच्या बदल्यात भरपाई सोडू नका. अपंगत्वाचं प्रमाणपत्रही काढून घ्या. पुढे बस-रेल्वेच्या सवलतीपासून कर्जापर्यंत ते लागतं.

ज्यांचा अपघात जुना आहे त्यांच्यासाठी शेवटचं, आणि याचीच सर्वांत घाई आहे. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नका. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही. गावी परत गेलेला माणूस तो राहतो त्या भागातही दावा करू शकतो. वकिलाच्या फीची भीती असेल तर औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते, असं १९८७चा कायदा सांगतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. तुमच्या गल्लीत, तुमच्या मेसमध्ये, तुमच्या गावात बोटं गेलेला कुणी असेल तर त्याला या आठवड्यात तारीख विचारा. दोन वर्षं व्हायला किती दिवस उरलेत ते मोजा आणि त्याला सोबत घेऊन त्या ऑफिसात जा.